मागांच्या गावाचा कारभार

इचलकरंजीत नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येतं, कधी आठवडाही उलटतो. पाणी आलं की गल्लीभर मोटारींचा आवाज सुरू होतो, बायका पिंपं, कळश्या, बादल्या जे हाती लागेल ते भरून घेतात आणि रात्रपाळीवरून आलेला कामगार झोपेचा विचार सोडून नळापाशी उभा राहतो. ज्या शहरातलं कापड देशभर जातं, तिथल्या लोकांची पहिली विचारपूस 'तुमच्याकडं पाणी आलं का?' ही असते. या शहराच्या स्थानिक कारभाराची ओळख करून घ्यायची तर पालिकेच्या इमारतीपासून सुरुवात करून उपयोग नाही. नळापासून केली पाहिजे.

कोल्हापूरच्या खाली, पंचगंगेच्या काठी वसलेलं हे गाव घोरपडे जहागीरदारांचं. हिंदुस्थानी संगीतात ज्यांच्या नावामागे हे गाव कायमचं जोडलं गेलं ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथलेच दरबारी गायक. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये इथे पहिला यंत्रमाग चालवला. त्यानंतर शहराचा सगळा इतिहास मागांच्या संख्येत मोजता येतो. आज शहरात आणि भोवतालच्या गावांत मिळून लाखाच्या वर माग असल्याचं सांगतात. मुंबई किंवा सोलापूरसारख्या मोठ्या गिरण्यांच्या चिमण्या मात्र इथे फारशा दिसणार नाहीत. इथला उद्योग चार, आठ, बारा, चोवीस मागांच्या शेडमध्ये विखुरलेला आहे. खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं आजही गल्लोगल्ली आहेत. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशेबानं मजुरीवर कापड विणून देणारा 'खर्चीवाला', बीम भरणारी सायझिंग, वहिफणी करणारे, कांड्या भरणाऱ्या बाया, जॉबर आणि शेवटी कोऱ्या कापडाला रंग चढवणारे प्रोसेसवाले, अशी ही लांब साखळी आहे.

ही रचना समजली की पालिकेची अडचण समजते. एकाच कंपनीनं वसवलेल्या गावात रस्ते, पाणी, दवाखाना, दिवे कंपनी पाहते, जमशेदपूर हे त्याचं ठळक उदाहरण. इचलकरंजीत असा कुणी मालक नाही. हजारो छोटे मालक, आणि कर्नाटकापासून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापर्यंतचे कामगार. या सगळ्यांसाठी एकच सामाईक मालक उरतो, तो म्हणजे पालिका. सार्वजनिक नळ, गटार, शाळा, स्मशान, बाजार, बाग, सगळं तिच्याच माथी. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या नावाचं नाट्यगृह पालिकेनं सांभाळलं. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय पालिकेनं वर्षानुवर्षं चालवलं आणि खर्च झेपेना तेव्हा ते राज्य शासनाकडे गेलं. नगरपालिकेनं इतकं मोठं रुग्णालय चालवणं ही महाराष्ट्रात विरळा गोष्ट होती, हे आवर्जून नोंदवलं पाहिजे. 1974 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं होतं. कष्टकऱ्यांच्या गावाला पुस्तकं, गाणं, नाटक लागत नाही असं इथे कुणी कधी मानलं नाही.

पैशाची बाजू मात्र नेहमीच ओढाताणीची. पूर्वी नगरपालिकांचा मुख्य आधार जकात होती. सुताचं बाचकं शहरात आलं की नाक्यावर पालिकेच्या तिजोरीत काहीतरी पडायचं, म्हणजे धंदा वाढला की पालिकेचं उत्पन्नही वाढायचं. 1999 मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. नाक्यावरचा खोळंबा आणि हातओल थांबली, हे चांगलंच झालं. पण गावाच्या धंद्याशी पालिकेचं असलेलं थेट नातंही त्याच दिवशी तुटलं. आता तिच्या हाती उरले घरफाळा, पाणीपट्टी आणि मुंबईहून येणारा धनादेश. मंदीत माग भंगारात जायला लागले की घरफाळ्याची थकबाकी वाढते, आणि वसुलीला गेलेल्या कारकुनाला शेडमध्ये बंद मागांची रांग दाखवली जाते. तिथून तो काय वसूल करणार?

शहरात नगरपालिका होती तोवर अधिकारांचंही तसंच होतं. 1965 चा नगरपरिषद कायदा सभागृहाला ठराव करायचा हक्क देतो, पण अंमलबजावणीच्या किल्ल्या मुख्याधिकाऱ्याच्या कमरेला असतात, आणि कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठराव स्थगित करू शकतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरसेवकाला विचारा, हे कलम तो क्रमांकासकट सांगेल. नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हा नियम तर सरकार बदललं की बदलत आला आहे. इचलकरंजीत 2016 मध्ये अलका स्वामी थेट मतदानानं नगराध्यक्ष झाल्या. याच पालिकेतून पूर्वी कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्यासारखे नेते आमदार, मंत्री आणि खासदार झाले. गावच्या राजकारणात पालिका ही पहिली पायरी असते, याचा फायदा आणि तोटा दोन्ही या शहरानं पाहिले आहेत.

आता पुन्हा पाण्याकडे, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

पंचगंगा शहराच्या अंगणातून वाहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती या पाच नद्यांचं पाणी तिच्यात आहे. तरीही शहर तिच्यावर विसंबू शकत नाही. वरून कोल्हापूरचं आणि वाटेतल्या गावांचं सांडपाणी येतं, आणि इचलकरंजीतून काळा ओढा नदीला जाऊन मिळतो. त्या ओढ्याला हे नाव का पडलं हे पाहणाऱ्याला विचारावं लागत नाही. 2012 च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची साथ आली. दूषित पाण्यातून पसरणारी ती कावीळ हजारो लोकांना झाली, माणसं दगावली, गरोदर बायकांच्या घरी तर धास्तीच बसली होती. त्या दिवसांनी एक गोष्ट कायमची शिकवली: गटार आणि नळ ही पालिकेची दोन वेगळी खाती असली तरी जमिनीखाली ती शेजारी-शेजारीच असतात.

कृष्णेचं पाणी शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून आणण्याची योजना त्याआधीच झाली होती. पण ती लांबलचक जलवाहिनी सतत फुटते, आणि एकदा फुटली की शहराचं वेळापत्रक आठवडाभर कोलमडतं. मग वारणेतून दानोळीहून पाणी आणायचं ठरलं. दानोळीकर आणि वारणाकाठचे शेतकरी रस्त्यावर उतरले, योजना बारगळली. त्यानंतर दूधगंगेवरची सुळकूड योजना मंजूर झाली. कागल तालुक्यातून तितकाच कडवा विरोध झाला, आणि इचलकरंजीत त्या योजनेसाठी उपोषणं, मोर्चे झाले. एकाच जिल्ह्यातली माणसं पाण्यासाठी समोरासमोर उभी राहिली.

या भांडणात दोन्ही बाजूंना दोष देणं सोपं आहे. शेतकऱ्याला आपलं पाणी कमी होईल अशी भीती वाटते, आणि ती खोटी नाही. शहरातल्या बाईला कधीकधी आठवड्यातून एकदाच पाणी मिळतं, तिचा हक्क त्याहून कमी नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. इचलकरंजीनं वरच्या गावांकडे स्वच्छ पाणी मागावं, तसंच खालच्या गावांना आपण कसलं पाणी देतो हेही पाहावं. शहराच्या खाली तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्याला नव्या नाहीत. त्या गावांतली माणसं इचलकरंजीच्या पाण्याच्या मागणीला मनापासून साथ देतील अशी अपेक्षा कशी करायची? नदीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, समित्या झाल्या, अहवाल आले. प्रोसेसवाल्यांच्या सांडपाण्यासाठी सामुदायिक प्रक्रिया केंद्र झालं. पण गावातलं सगळं मैलापाणी आणि सगळं रंगपाणी प्रक्रियेतून गेल्याशिवाय एक थेंबही ओढ्यात पडणार नाही, ही स्थिती अजून आलेली नाही.

भर म्हणून हद्दीचा पेच आहे. कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, यड्राव ही गावं शहराला चिकटलेली. रस्त्यानं चालताना पालिकेची हद्द कुठे संपली हे कळत नाही, मागांचा खडखडाट तसाच चालू राहतो. पण तिकडे ग्रामपंचायत, इकडे पालिका. सांडपाण्याला मात्र हद्द नसते.

2022 मध्ये इचलकरंजीची महानगरपालिका झाली. फटाके वाजले, पाटी बदलली, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले, आणि जीएसटीच्या भरपाईवर हक्क सांगता येऊ लागला. पण लोकांनी निवडलेलं सभागृह नव्हतं. नगरपालिकेची मुदत 2021 च्या अखेरीस संपली होती, आणि महापालिकेची पहिली निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. मधली चार वर्षं प्रशासक कारभार पाहत होते. अधिकाऱ्यांनी काम केलं नाही असं कुणी म्हणणार नाही. पण गटार तुंबल्यावर ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा माणूस वॉर्डात नव्हता, आणि अंदाजपत्रकावर भर सभेत प्रश्न विचारणारंही कुणी नव्हतं. घटनेची 74 वी दुरुस्ती 1993 पासून लागू आहे आणि तिनं मुदतीत निवडणूक घेणं बंधनकारक केलं आहे. तरीही राज्यभरातल्या शहरांवर ही वेळ आली, हे आपल्या सगळ्यांना टोचायला हवं.

आता सभागृह आहे. त्यातल्या प्रत्येक नगरसेवकानं आणि त्यांना निवडून देणाऱ्या प्रत्येक मागवाल्यानं येत्या अंदाजपत्रकाकडे एकाच नजरेनं पाहावं: चौक सुशोभीकरण आणि कमानींच्या आधी मैलापाणी प्रक्रिया आणि जुन्या जलवाहिन्या यांना पैसे आहेत का? नसतील तर सभेत उठून विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.