वारा आणि सोबती

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ कॅनरी बेटे आहेत. तेथील लास पाल्मास बंदरात दर नोव्हेंबरात शिडाच्या नौका गोळा होतात. त्यांना अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीजला जायचे असते. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल. प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. पण त्या लगेच निघत नाहीत. का बरे?

जून ते नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा हंगाम. समुद्राचे पाणी सुमारे २६ अंश सेल्सिअसहून अधिक तापले, की त्याची वाफ वादळाला ऊर्जा पुरवते. पुढे पाणी निवते आणि ईशान्येचे व्यापारी वारे स्थिरावतात. हवामानाचा अंदाज मात्र आठवडाभरापलीकडे फारसा भरवशाचा नसतो. म्हणजे पहिल्या आठवड्याची भिस्त अंदाजावर. उरलेल्या दोन आठवड्यांची ऋतूवर आणि सोबत्यांवर!

सोबती किती हवेत? नौकेवर रात्रंदिवस एकाचा तरी पहारा लागतो. दोघेच असले तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज १२ तास येतात, चौघे असले तर ६. पेंगणाऱ्या डोळ्यांना समोरून येणारे जहाज दिसत नाही. शिवाय न पटणाऱ्या सोबत्याला भर समुद्रात उतरवता येत नाही! म्हणून माणसे पारखून घ्यायची ती धक्क्यावरच.

आता सांगा, तिघे असतील तर प्रत्येकाचा पहारा किती तासांचा?