घोडीवरचे बिऱ्हाड

आमचे एक स्नेही अमेरिकेत आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले आणि त्यांनी राहते घर विकून एक भलीमोठी गाडी घेतली. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच न्हाणीघर. ‘आता आम्हाला गाव म्हणून उरले नाही,’ असे त्यांनी मोठ्या अभिमानाने कळवले. पुढे मात्र त्यांच्या फोनवरून वेगळ्याच गोष्टी कळत गेल्या. सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, रात्री गाडी कुणाच्या जागेत उभी करायची आणि टपाल कुठे मागवायचे! शेवटच्या प्रश्नावर तिथे तोड निघाली आहे. साउथ डकोटा राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवायची, टपाल सांभाळणाऱ्या एखाद्या कंपनीकडे पेटी भाड्याने घ्यायची, की त्या राज्याचा वाहन परवाना मिळतो. पत्ताही विकत मिळतो म्हणायचा. सगळेच हौसेने निघालेले असतात असेही नाही. २००८च्या मंदीनंतर निवारा परवडेनासा झाला म्हणून गाडीत राहू लागलेल्या वृद्धांवर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरचा चित्रपट पुढे ऑस्करही घेऊन गेला.

हे ऐकताना मला राहून राहून आमच्या शिक्रापूरकडचे धनगर आठवतात. चाकणचा रस्ता जिथे नगर रस्त्याला मिळतो, त्या गर्दीत हिवाळ्याच्या दिवसांत ट्रक, कंटेनर आणि दुचाकी अचानक थबकतात. हॉर्नचा कल्लोळ उठतो. पाहावे तर शे-दोनशे मेंढरे डांबर ओलांडत असतात. पाऊस सरला की पारनेरकडचे, फलटणकडचे मेंढपाळ असे निघतात ते मृगाच्या सुमारास परततात. त्यांचे घर घोडीच्या पाठीवर असते. तळाशी घोंगड्या आणि पालाचे कापड, वर पीठ-मिठाची गाठोडी, भांडी, मेंढरे कोंडायची जाळी म्हणजे वाघूर, पाय बांधलेल्या कोंबड्या, रात्री जन्मलेली दोन कोकरे आणि या साऱ्यावर ऐटीत बसलेले दीड-दोन वर्षांचे पोर. पुरुष मेंढरे चारत आडरानाने जातात आणि बाया घोड्या घेऊन ठरल्या तळावर पोहोचतात. पाणी शोधणे, जळण गोळा करणे, तीन दगडांची चूल मांडणे, भाकरी थापणे आणि पहाटे हे सगळे पुन्हा घोडीवर चढवणे, हे त्यांच्याकडे. दोर कुठे आवळायचा आणि ओझे कुठे तोलायचे, हे ज्ञान त्यांच्या हातांत असते. गाडीच्या माहितीपुस्तकासारखे ते कुठे छापलेले नाही.

मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर होतो तेव्हा असाच एक म्हातारा मेंढपाळ समोर येऊन बसला होता. अर्जातल्या रकान्याप्रमाणे मी विचारले, ‘बाबा, सध्याच्या पत्त्यावर किती वर्षे राहता?’

‘आजची रात, सायेब,’ तो म्हणाला. ‘उद्याचं रान अजून ठरायचंय.’

त्याचे गाव होते, गावात दोन खणांचे घर होते, पण वर्षातले आठ महिने घराला कुलूप. मेंढरे तारण म्हणावीत तर ती तपासायला अधिकाऱ्याने जायचे कुठे? त्याला गावाकडच्या शाखेत पाठवणे एवढेच माझ्या हाती होते. नंतर नियम सैल झाले. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने पत्त्याचा एकच पुरावा पुरेसा मानला, सध्याचा पत्ता वेगळा असेल तर खातेदाराचे निवेदन चालू लागले. २०१७ साली राज्य सरकारने मेंढपाळांसाठी महामेष योजना आणली. कागदावरचा प्रश्न थोडाफार सुटला म्हणायला हरकत नाही.

रात्रीचा प्रश्न मात्र अवघड होत चालला आहे. पूर्वी पीक निघालेल्या रानात मेंढरे बसवायला शेतकरी स्वतः बोलवायचा. रात्रभरात लेंडीखत पडायचे, त्याबद्दल धान्य मिळायचे, पुढे रोख मिळू लागले. हा चोख व्यवहार होता, दोघांच्याही फायद्याचा. आता कालव्याच्या पाण्याने ऊस झाला, उरलेल्या माळावर रांजणगाव-सणसवाडीचे कारखाने आणि प्लॉटिंगची तारकुंपणे आली. रान मोकळे सापडले तरी शेजारी उसाचा फड, आणि फडात बिबट्या. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात त्याने माणसे मारली, त्यांत लहान मुलेही होती. पक्क्या घरात राहणारे आपण त्या दिवसांत दारे लावून बसलो. वाघुरीचे जाळे मेंढरे आत ठेवते, बिबट्याला बाहेर ठेवत नाही. तिथे राखण कुत्र्यांची आणि आळीपाळीने जागणाऱ्या माणसांची.

आपल्या राज्याने २०२१ साली पर्यटकांच्या कॅराव्हॅनसाठी स्वतंत्र धोरण केले, उभ्या करायच्या जागांचाही त्यात विचार आहे. चांगलेच झाले. मेंढपाळाच्या तळासाठी गावोगावचा एखादा माळ राखून ठेवावा, असे मात्र कुणाच्या मनात येत नाही. गायराने तर बहुतेक ठिकाणी कुणाची ना कुणाची झालीच आहेत.

लोकरीचेही तसेच. कातरणाऱ्याची मजुरी भागेल एवढाही भाव पुष्कळदा येत नाही, तरी कातरावी लागते. आज कमाई होते ती बोकड-मेंढरांच्या विक्रीवर.

गेल्या पौषात तळेगाव ढमढेऱ्याच्या अंगाला एका तळावर मी थोडा वेळ बसलो होतो. चहा झाला. मालकीणबाईंचे वय पस्तिशीचे असेल. थोरला मुलगा गावी आजीजवळ राहून सातवीत शिकतो. त्याला बरोबर आणले तर शाळा जाते, ठेवले तर तो आठ महिने दिसत नाही. शेतकऱ्याच्या घरून मोबाइल भरून आणला होता. भाकऱ्या उरकल्यावर त्यांनी फोन लावला.

‘आई, आज कुठं हाय गं?’ पलीकडून पोराने विचारले.

‘वेळ नदीच्या काठाला,’ त्या म्हणाल्या, आणि तो जेवला का ते विचारू लागल्या.