काळजीने जखमही रेंगाळते

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी २६ स्त्रियांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची छोटीशी जखम केली आणि ती भरण्याची वाट पाहिली. त्यांतल्या १३ जणी घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करत होत्या. बाकीच्या १३ जणी साधारण त्याच वयाच्या, पण त्या कामात नसलेल्या. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. फेस आला नाही, म्हणजे जखम पूर्ण भरली. सेवेत गुंतलेल्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले! १९९५ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

जखम भरण्याची सुरुवात सुजेपासून होते. पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखी प्रथिनं सोडून दुरुस्तीचं काम सुरू करतात. ताण लांबला, की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक नेमकं हेच काम दडपतं.

रुग्णाच्या सेवेत अडकलेल्या माणसाला ‘मन खंबीर ठेव’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला हवी असते सलग झोप आणि पाळी घेणारं दुसरं कुणीतरी.

पुढे दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवरही असाच प्रयोग झाला. टाळूवरची तेवढीच जखम परीक्षेच्या दिवसांत भरायला उन्हाळी सुट्टीपेक्षा सरासरी तीन दिवस जास्त लागले, आणि हा फरक प्रत्येकात दिसला.