पडद्यामागचा खेळ (लेखांक ६) : लिंबूटिंबूला न सांगता

गेल्या आठवड्यात गेममधली चित्रं आणि संगीत यांच्याबद्दल बोललो. पण एखादा गेम अर्ध्यात का सोडलास असं कुणाला विचारून बघा. चित्रं बरी नव्हती म्हणून सोडला, असं क्वचितच कुणी म्हणेल. ‘गेम चीटिंग करतो’ हे मात्र हमखास ऐकायला मिळेल. गेम कितीही अवघड असला तरी चालतो, रडीचा डाव चालत नाही. हरलो तर माझ्या चुकीनं हरलो असं वाटलं पाहिजे. खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त हवं असतं ते हेच, असं माझं मत आहे. गंमत अशी, की त्याला तसं वाटावं म्हणून गेम बनवणारे हिशेबात बिनदिक्कत फेरफार करतात.

मोबाइलवरचा लुडो घ्या. ‘माझी सोंगटी घरातून निघता निघेना आणि कॉम्प्युटरला सहावर सहा!’ ही तक्रार घरोघरची. फासा अगदी प्रामाणिक असला, तरी दहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. चार जण खेळत असतील तर निम्म्या डावांत कुणा ना कुणावर सुरुवातीलाच ही पाळी येणार. ज्याच्यावर आली आहे त्याला हे गणित समजावून सांगायला जाऊ नका. पुठ्ठ्याच्या पटावर फासा आपल्या हातानं टाकलेला असतो, त्यामुळे शिव्या नशिबाला. फोनवर तो यंत्र टाकतं, आणि यंत्रावर संशय घ्यायला आपण एका पायावर तयार असतो.

‘सिव्हिलायझेशन’ ही गेममालिका करणारे सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हाच अनुभव सांगितला. ‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’ या गेममध्ये लढाईआधी दोन्ही बाजूंचं बळ आकड्यांत दिसायचं. तीनास एक असताना चारांतली एक लढाई हातची जाणार, हे उघड आहे. पण ती गेली की खेळणारे चिडायचे. उलट आपण एक आणि शत्रू तीन असताना जिंकले, तर त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. ते आपलं डोकं! दोनास एक असताना हरणं लोक सोसायचे, पण वीसास दहा असताना हरले की आरडाओरडा. भागाकार तोच, राग वेगळा. शेवटी मायर यांच्या चमूनं गणित लोकांच्या मनाकडे झुकवलं.

याहून धीट उदाहरण ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी मालिकेचं. चौकटींच्या पटावरची ही लढाई, आणि मूळ नियमानुसार मेलेलं पात्र पुन्हा येत नाही. हल्ल्याआधी पडद्यावर नेम लागण्याची टक्केवारी दिसते. आकडा ९० असेल तर ० ते ९९ मधली एक संख्या काढायची, ती ९० च्या खाली आली की नेम लागला, असं सरळ गणित असायला हवं. २००२ च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून मात्र दोन संख्या काढून त्यांची सरासरी धरू लागले. सरासरी टोकाला सहसा जात नाही. म्हणून पडद्यावरचे ९० प्रत्यक्षात ९८ होतात, ८० चे ९२ होतात, १० चे जेमतेम २ उरतात; ५० तेवढे ५० च्या आसपास राहतात. नियम शत्रूलाही तोच. पण जपून खेळणारा हल्ला करतो तो पडद्यावर ८०-९० दिसल्यावर आणि शत्रूपुढे उभं करतो ते चटकन नेम चुकवणारं पात्र, म्हणजे लाभ त्याचाच. गेली अनेक वर्षं लोक हे आकडे बघून डाव आखत आले. ९० म्हणजे ‘बहुतेक लागणारच’ असं आपलं मन धरून चालतं, आणि गेमनं ते खरं करून दाखवलं.

उडीच्या गेममध्ये हीच सवलत बोटांना मिळते. ‘डाँकी काँग’मध्ये (१९८१) एकदा उडी मारली की मारली, हवेत दिशा बदलता येत नसे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) मारिओ हवेतही वळू लागला आणि बटण जितका वेळ दाबाल तितका उंच जाऊ लागला. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये तर कडा संपून पाय सुटल्यावरही सुमारे ०.१ सेकंद उडी मारता येते. याला म्हणतात ‘कायोटी टाइम’. कार्टूनमधला तो कायोटी दरीवर हवेतच धावत राहतो आणि खाली बघितल्यावर पडतो, त्याच्यावरून. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी ‘सेलेस्ट’ ते ध्यानात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. छताच्या कोपऱ्याला डोकं निसटतं लागलं, तर नायिकेला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो.

हे लाड म्हणता येणार नाहीत. बोटानं बटण दाबल्यापासून पडद्यावर काही घडेपर्यंत थोडा वेळ जातोच, त्यात टीव्ही स्वतःचा उशीर घालतो. नियम काटेकोर पाळला तर वेळेवर दाबणाराही दरीत जाईल, आणि रिमोट भिंतीवर आपटेल.

गल्लीतल्या लपंडावात धाकट्या भावाला लिंबूटिंबू म्हणून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही. पण हे त्याला कळलं की भोकाड! गेमरही तसाच. ‘सेलेस्ट’मध्ये उघड मदतीची सोयही आहे, गेमचा वेग कमी करता येतो, मरणच बंद करता येतं. मानी मंडळी त्या पर्यायाकडे ढुंकून बघत नाहीत आणि दर उडीला तो छुपा ०.१ सेकंद मात्र वापरतात.

मला स्वतःला ‘सेलेस्ट’ची सवलत पटते, ‘फायर एम्ब्लेम’ची थोडी खटकते. उडी किती माफ करायची हे गेमनं कधी सांगितलेलंच नव्हतं. टक्केवारी मात्र त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. फेरफार खेळणाऱ्याच्या बाजूचा आहे तोवर हा वाद चवीचा. पण मधे पैसे आले की आकडे कुणाच्या बाजूनं झुकलेत हे कळायलाच हवं. पैसे मोजून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, अशा गेमना चीननं २०१७ पासून शक्यता जाहीर करायला लावल्या. बेल्जियमनं पुढच्याच वर्षी अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. या पेट्यांचा हिशेब पुढच्या लेखांकात.