जुन्या पिकअपचे ब्रेक पार्ट मिळत नाहीत? गाडीच्या नावाने नाही, मापाने शोधा

वलगाव असो, अमरावती असो की अकोला, आपल्याकडे बऱ्याच घरांत एक गाडी अशी असते जी विकावीशी वाटत नाही. अब्बांनी घेतलेली महिंद्राची जीप-पिकअप, संत्र्याच्या सीझनमध्ये रात्रंदिवस पळालेली मॅटाडोर, नाहीतर मामूंकडून आलेला एखादा जुना छोटा ट्रक. आता घरातली पोरं ती गाडी परत उभी करायला निघतात. इंजिन होतं, पत्राकाम होतं, रंग होतो. गाडी अडते ती ब्रेकवर. दुकानात गेलं की एकच उत्तर मिळतं : "तो माल आता येत नाही भाऊ, याच्यातलाच दुसरा बसवून टाका."

दरवाजाचं हँडल दुसऱ्या गाडीचं बसवलं तर बिघडत काही नाही. ब्रेकचं तसं नाही. वलगावहून परतवाडा आणि पुढे चिखलदऱ्याचा घाट उतरायचा तर जीव त्याच पार्टवर असतो, आपलाही आणि समोरून येणाऱ्याचाही. म्हणून पार्ट शोधायचा कसा, कोणता दुरुस्त करायचा आणि कोणता नवाच घ्यायचा, हे आम्ही इथे क्रमाने सांगत आहोत.

आधी गाडीचं खानदान बघा

पार्ट सहज मिळेल की नाही, हे गाडी किती जुनी यापेक्षा ती किती वर्षं बनत राहिली यावर ठरतं. महिंद्राचंच उदाहरण घ्या. १९४५ मध्ये ही कंपनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४७ पासून मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळवणी सुरू झाली आणि त्याच घराण्याच्या जीपा भारतात पुढची कित्येक दशकं बनत राहिल्या. त्यामुळे जुन्या जीपचे बरेच पार्ट आजही देशात तयार होतात, बाहेरच्या देशातले शौकीनसुद्धा ते मागवतात. तुमच्या पिकअपचे ब्रेक जीपचे असतील तर निम्मं काम सोपं झालं समजा.

बजाज टेम्पोची मॅटाडोर मधल्या गटात येते. कंपनी आज फोर्स मोटर्स नावाने चालू आहे, पण मॅटाडोर बंद होऊन बरीच वर्षं झाली. सगळ्यात जास्त डोकेदुखी ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीत आलेल्या आल्वीन निस्सान आणि डीसीएम टोयोटा यांची. त्या थोडीच वर्षं टिकल्या आणि पार्टही त्यांच्यासोबत गेले.

चार मापं घ्या, वहीत लिहा

काउंटरवर "अमुक गाडीचा व्हील सिलिंडर द्या" म्हटलं की दुकानदार यादीत नाव बघतो आणि नाही म्हणतो. हातात माप असेल तर तोच दुकानदार रॅकवर शोधायला लागतो. एकच सिलिंडर वेगवेगळ्या गाड्यांना लागत असतो. चाक उघडल्यावर व्हर्नियरने ही मापं घ्या :

- व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास. तो बऱ्याचदा बॉडीवर ओतलेला असतो. वायर ब्रश मारला की दिसतो. रबर कपावरही आकडा असतो.
- पाइप जिथे बसतो तिथली चुडी. जुन्या विलीज घराण्याच्या गाड्या इंची मापाच्या, नंतरच्या बऱ्याच मिलिमीटरच्या.
- ड्रमचा आतला व्यास आणि लायनरची रुंदी.
- बोल्टच्या भोकांमधलं अंतर, शिवाय पार्टवर कोरलेला कोणताही नंबर.

यात बोअर सगळ्यात महत्त्वाचा. जीप घराण्याच्या अनेक गाड्यांना पुढे १ इंचाचा आणि मागे ३/४ इंचाचा सिलिंडर असतो. पाव इंचाने काय होतंय, असं वाटतं. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो. १ इंच बोअरचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस इंच, ३/४ इंचाचं ०.४४२. म्हणजे पायाचा दाब तेवढाच ठेवला तरी मोठा सिलिंडर जवळजवळ पावणेदोन पट जोर लावतो. तो मागे बसवला तर रिकाम्या पिकअपची हलकी मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. वरून त्याला तेलही जास्त लागतं, म्हणून पेडल खोल जातो.

चुडीचंही तसंच. ३/८ इंचाचा नट ९.५ मिलिमीटरचा, दुसरा १० मिलिमीटरचा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. लहान नट मोठ्या भोकात दोन आटे पकडतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि जोराचा ब्रेक मारला की सुटतो. जुन्या गाडीत बहुधा मास्टर सिलिंडर एकाच खणाचा असतो. एका चाकाची गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून टेप गुंडाळून किंवा जोर लावून नट बसवायचा प्रकार इथे अजिबात नको.

काय दुरुस्त होतं, काय नवंच लागतं

मूळ पार्ट मिळतच नसेल तर आपल्या हातातला जुना पार्ट फेकू नका. ब्रेक शू लोखंडी असतो. तो सरळ असेल तर त्यावर नवा लायनर रिव्हेट करून मिळतो. ड्रम खरादवर साफ होतो, पण किती कापायचा याला हद्द आहे. बऱ्याच ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला की ड्रम बाद. मास्टर सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर चांगला खरादवाला बोअर वाढवून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवतो आणि मूळ माप परत आणतो. नुसता होन मारून बोअर मोठा करायचा आणि जुन्याच मापाचा कप घालायचा, हे काम कोणी सुचवलं तर घेऊ नका.

रबर कप, होज आणि लोखंडी पाइप मात्र नवेच. दुकानात वीस वर्षं पडलेला डबाबंद सिलिंडर सापडला तर खुशाल घ्या, पण आतलं रबर बदला. न वापरताही रबर कडक होतं. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून कोणी लावतात. तो धक्क्यांनी थकून चिरतो. ब्रेकसाठी बनवलेला स्टीलचा पाइपच घ्या आणि त्याच्या तोंडाला डबल फ्लेअर करून घ्या.

गॅरेजात शिकणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून हवेने धूळ उडवू नका, तोंडाने तर नाहीच. ओल्या फडक्याने पुसा. त्या धुळीचा आजार फुफ्फुसात अनेक वर्षांनी दिसतो.

शोधायचं कुठे

सुरुवात घरापासून करा. अमरावती आणि अकोला दोन्ही राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहेत, ट्रकांची कामं इथे रोज होतात. जुन्या उस्तादांना भेटा. कोणता सिलिंडर कोणत्या गाडीला चालतो हे त्यांच्या लक्षात असतं, फक्त त्यांच्या शब्दासोबत व्हर्नियरही लावा. इथे नाही मिळालं तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. जीपसाठी हरियाणातली मंडी डबवाली प्रसिद्ध आहे. लांबून मागवताना गाडीचा फोटो पाठवून काम होत नाही. पार्टचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा, बोअर आणि चुडी लिहून पाठवा, पैसे त्यानंतर.

बसवल्यावर

तेल डब्यावर लिहिलेलंच वापरा, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइलचा एक थेंबही रबर फुगवतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरलं की ही हद्द १४० अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापतात, तेल उकळतं आणि पेडल एकदम खाली जातो. म्हणून उघडा पडलेला डबा वापरू नका.

हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मग पेडल एक मिनिट जोराने दाबून धरा. हळूहळू खाली गेला तर कुठेतरी गळती आहे. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने, कमी वेगात.

कागदपत्रं

मालवाहू गाडी ८ वर्षांपेक्षा जुनी झाली की फिटनेस दरवर्षी लागतो, त्यात ब्रेक तपासले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. ड्रम काढून डिस्क लावायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. व्यावसायिक वापरात नसलेली, ५० वर्षांपुढची आणि मूळ रूपातली चारचाकी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' येतं, नोंदणी १० वर्षांची असते, पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही.

काम संपलं की मापांची वही गाडीच्या कागदांसोबत ठेवा आणि जुने सिलिंडरही लगेच भंगारात देऊ नका. मोहल्ल्यात पुढची जुनी पिकअप कोणी उभी करेल, तेव्हा त्याला "तो माल येत नाही" ऐकून परत यावं लागणार नाही.