घरचा चॉकलेट केक

इंदुरात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार करणारा सराफा रात्री खाद्यपदार्थांनी गजबजतो. मिठाई अशी हाताशी असता घरी केकचा खटाटोप कशाला? लेकराच्या वाढदिवशी आईच्या हातच्या केकची सर विकतच्याला येत नाही, म्हणून! भट्टी नाही याची खंत भगिनींनी करू नये. जाड पातेल्यात वाळू तापवून केक उत्तम भाजतो.

दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ एकत्र करावे. त्यात एक कप पाणी, एकतृतीयांश कप तेल व एक मोठा चमचा व्हिनेगर ढवळावे. सोडा व व्हिनेगर यांच्या संयोगाने उठणारा वायूच केक फुगवितो. तेव्हा मिश्रण विलंब न लावता, तूप लावलेल्या डब्यात ओतून, झाकून मंद आचेवर भाजावे. सुमारे ४० मिनिटांनी खुपसलेली काडी कोरडी निघाली की झाला.

पुढे आम्हां सर्वांनाच घाई नडते. केक पूर्ण निवल्यावरच दोऱ्याने आडवा कापून दोन थर करावेत. लोणी, पिठीसाखर व कोको फेटून केलेले आयसिंग गरम केकवर ओघळते. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० अंशांवर जातो; लोणी त्याआधीच वितळते. परंतु माळव्याच्या रात्री शीतल म्हणून प्रसिद्ध आहेत. हे काम रात्रीच करावे. लेकरे वाट पाहतील; पाहू द्यावी. त्या वाट पाहण्यातच अर्धी गोडी आहे.