गेलिक फुटबॉल आणि वॉटरव्हिलचे ओड्वायर

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मधल्या सुटीत आमच्या शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा डाव रंगात आला असता आठवीतील एका विद्यार्थ्याने अंगावर आलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलला आणि तो छातीशी धरून सरळ गोलाकडे धूम ठोकली. पंचाने शिटी वाजविली, सवंगडी हसले. स्वारी मात्र रागावून आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, हातही चालतो आणि पायही चालतो, असा खेळ जगात कोठेच नाही का?" असा खेळ आहे, असे आम्ही त्यास सांगितले. त्याच आठवड्यात एक पालक आम्हांस भेटावयास आले. चिरंजीवांचे खेळाचे वेड पाहून त्यांचा जीव टांगणीस लागला होता. "यातून मिळावयाचे काय? उद्या एखादा पाय मोडला, तर पुढे कोण विचारणार?" असे ते कळकळीने विचारीत होते. या दोन्ही प्रश्नांच्या निमित्ताने आयर्लंडमधील एका खेळाची व त्या खेळात जन्म वेचलेल्या एका गृहस्थांची हकीगत येथे देण्याचे योजिले आहे.

या खेळास गेलिक फुटबॉल असे म्हणतात. प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात; मैदान आपल्या फुटबॉलच्या मैदानाहून बरेच मोठे, म्हणजे लांबीस 130 ते 145 मीटर व रुंदीस 80 ते 90 मीटर असते. गोलाचे खांब आडव्या दांडीच्या वर उंच गेलेले असतात, त्यामुळे दुरून पाहिल्यास इंग्रजी एच अक्षर उभे केल्यासारखे दिसते. दांडीखालून जाळ्यात चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून व दोन खांबांमधून गेला तर एक गुण. (2025 पासून चाळीस मीटरांच्या कमानीबाहेरून लाथेने असा चेंडू दांडीवरून घातल्यास दोन गुण देतात.) चेंडू हातात धरता येतो, परंतु तो घेऊन चारांहून अधिक पावले टाकता येत नाहीत. पुढे जावयाचे असेल तर चेंडू एकदा जमिनीवर आपटून झेलावा, किंवा पायाच्या चवड्यावर सोडून अलगद उडवून पुन्हा हाती घ्यावा. लागोपाठ दोनदा आपटण्याची मुभा नाही. जमिनीवर पडलेला चेंडू सरळ हाताने उचलण्याचीही नाही, तो आधी पायाने उचलावा लागतो. सोबत्याकडे हाताने द्यावयाचा तर फेकून चालत नाही, मुठीने वा तळव्याने ठोसून द्यावा लागतो. वाचावयास हे सोपे वाटते. भर धावेत चेंडू पायावरून हातात घेत जाणे किती कठीण आहे, हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल.

गुणांची मांडणीही मोठी मौजेची आहे. वर्तमानपत्रांत 1-15 असे छापलेले आढळेल. त्याचा अर्थ एक गोल व पंधरा गुण, म्हणजे एकूण अठरा. हा आकडा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आयर्लंडात चेंडूचे खेळ फार पूर्वीपासून होते, परंतु त्यांस बांधीव रूप आले ते 1884 सालानंतर. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबर रोजी टिपररी काउंटीतील थर्ल्स या गावी हेज हॉटेलात मूठभर मंडळी जमली आणि त्यांनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापिली. या कार्याचा मुख्य उद्योगी पुरुष म्हणजे मायकेल क्युसॅक. हे गृहस्थ शाळामास्तर होते, हे नमूद करताना आम्हांस थोडासा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा. मॉरिस डॅव्हिन हे संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले व कॅशेलचे आर्चबिशप क्रोक हे आश्रयदाते झाले. डब्लिन येथील प्रचंड क्रोक पार्क मैदान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ब्रिटिश अमलाखाली असलेल्या त्या देशात स्वतःचे खेळ जपणे हे स्वत्व जपण्यासारखेच होते. 21 नोव्हेंबर 1920 रोजी याच क्रोक पार्कमध्ये सामना चालू असता सरकारी सशस्त्र दलांनी गोळीबार केला, त्यात चौदा माणसे प्राणास मुकली; टिपररीचा खेळाडू मायकेल होगन हा त्यांपैकी एक. जालियनवाला बागेची आठवण अद्याप ताजी ठेवणाऱ्या आपल्या देशात या घटनेचा अर्थ निराळा फोड करून सांगावयास नको.

परंतु या संस्थेचे खरे बळ डब्लिनच्या मैदानात नाही, खेड्यापाड्यांत आहे. एका देवळाभोवतीची वस्ती म्हणजे एक धर्मग्राम, आणि सामान्यतः एका धर्मग्रामाचा एक क्लब, अशी रचना रूढ झाली. मूल ज्या वस्तीत जन्मले तिचाच रंग अंगावर घालावयाचा. उत्तम खेळाडू झाला म्हणून त्याला दुसऱ्या गावाने पैसे देऊन विकत न्यावे, अशी सोय नाही. कारण या खेळात पैसाच नाही. क्लबांतून निवडलेले गडी आपल्या काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडून, खेळतात आणि काउंट्यांत अखिल आयर्लंडच्या अजिंक्यपदाची स्पर्धा होते. विजेत्यास सॅम मॅग्वायर चषक मिळतो. रविवारी ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर खेळलेला वीर सोमवारी सकाळी आपल्या गाई पिळावयास, फळ्यापुढे उभा राहावयास किंवा दुकान उघडावयास जातो. प्रवासखर्च व किरकोळ भत्ता यापलीकडे त्याला वेतन म्हणून काही नाही.

खेडेगावातील क्लब चालतो तो मैदानाबाहेरच्या माणसांवर. कोणी मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, कोणी पंधरा सदरे घरी नेऊन धुतो, कोणी मुलांना आपल्या मोटारीत कोंबून परगावच्या सामन्यास नेतो, कोणी फाटकावर तिकिटांचे पैसे गोळा करतो. लहानपणी खेळावे, तारुण्यात काउंटीचे स्वप्न पाहावे, पाय थकले म्हणजे मुलांना शिकवावे, केस पिकले म्हणजे समितीत बसून भांडावे: एका माणसाचा सारा जन्म असा या खेळाभोवती फिरतो. आयरिश शेतकऱ्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एकाचे शेत उरकून देण्याची चाल होती. तीस ते लोक मेहल म्हणत. आपल्याकडील इर्जिक ती हीच. क्लब हा त्याच वृत्तीचा दुसरा अवतार होय. स्त्रियांनीही 1974 साली थर्ल्सच्या त्याच हॉटेलात आपली स्वतंत्र संघटना स्थापिली, आणि केरी काउंटीच्या मुलींनी 1982 ते 1990 पर्यंत ओळीने नऊ वेळा अजिंक्यपद मिळविले. (हे वाक्य आमच्या विद्यार्थिनींनी मुलांस मोठ्याने वाचून दाखविण्यास हरकत नाही.)

केरीचे नाव निघाले, तेव्हा आता मुख्य कथेकडे वळू. आयर्लंडच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागरात घुसलेल्या एका डोंगराळ द्वीपकल्पावर वॉटरव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. समुद्रातून अमेरिकेस जाणाऱ्या तारायंत्राचे ठाणे एके काळी तेथे होते. नट चार्ली चॅप्लिन सुटी घालविण्यास तेथे येत असत. अशा या गावी 9 जून 1936 रोजी मिक ओड्वायर यांचा जन्म झाला. त्यांच्या तारुण्याच्या दिवसांत आयर्लंडची खेडी ओस पडत होती. 1951 ते 1961 या दहा वर्षांत सुमारे चार लाख माणसे कामधंद्यासाठी देश सोडून गेली. ज्या खेड्यातून दहा तरुण लंडनला वा न्यूयॉर्कला गेले, तेथे पंधरांचा संघ उभा करावयाचा कसा? कोकणातील ज्या घरांचे कर्ते पुरुष मुंबईस असतात, त्या घरांतील मुलांना हा प्रश्न समजेल. केरीत यावर तोड म्हणून लहान क्लबांचे गडी एकत्र करून विभागाचा संघ खेळविण्याची पद्धत पडली. दक्षिण केरीचा असाच एक संघ आहे. ओड्वायर गावातच राहिले. मोटारींचे गॅरेज काढले, पुढे हॉटेल चालविले, आणि फुटबॉल खेळत राहिले. पोट भरले ते या धंद्यांनी, फुटबॉलने नव्हे.

1957 मध्ये ते काउंटीच्या वरिष्ठ संघात आले. 1959 व 1962 साली केरीने अखिल आयर्लंड जिंकले तेव्हा ते संघात होते. 1964 साली त्यांचे पाय मोडले. एक नव्हे, दोन्ही. वर उल्लेखिलेल्या पालकांची शंका येथे प्रत्यक्षात उतरली, असेच म्हणावे लागेल. ते बरे होऊन पुन्हा खेळले, 1966 मध्ये त्यांनी काउंटीचा निरोप घेतला, आणि 1968 मध्ये परत आले. 1969 साली, वयाची तेहेतीस वर्षे उलटल्यावर, केरी पुन्हा अजिंक्य झाली आणि त्या वर्षीचे उत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून ओड्वायर यांची निवड झाली. 1970 साली चौथे पदक मिळाले. मोडलेला पाय सर्वांचाच असा सांधतो, असे मात्र आम्ही कोणाही पालकास सांगणार नाही.

1975 साली केरीच्या संघाची शिकवणी त्यांच्याकडे आली. विशीतील पोरांचा तो संघ त्यांनी धावण्याच्या मेहनतीने असा घडविला की त्याच वर्षी त्याने डब्लिनला हरविले. पुढील बारा वर्षांत त्यांच्या संघाने दहा अंतिम सामने गाठले व आठ जिंकले. पॅट स्पिलेन, पॉडी ओ शे, मिकी शीही, ओगी मोरन व जेर पॉवर या पाच गड्यांकडे प्रत्येकी आठ पदके आहेत. यांतील स्पिलेन हे पेशाने आमच्यासारखेच शिक्षक.

या सगळ्या विजयांपेक्षा लोकांच्या स्मरणात अधिक खोल रुतून बसला आहे तो एक पराभव. केरीने 1978 पासून ओळीने चार वर्षे चषक जिंकला होता. लागोपाठ पाच वेळा तो कोणीच जिंकला नव्हता. 19 सप्टेंबर 1982 रोजी पाचव्यासाठी गाठ पडली ती ऑफली या लहानशा काउंटीशी. केरीचा कर्णधार जॉन ईगन हा स्नीम गावचा, म्हणजे ओड्वायर यांच्याच मुलखातला. शीही यांनी मारलेली पेनल्टी ऑफलीचे गोलरक्षक मार्टिन फर्लाँग यांनी अडविली. तरीही सामना संपत आला तेव्हा केरी दोन गुणांनी पुढे होती. इतक्यात उंचावरून आलेला चेंडू शेमस डार्बी या बदली खेळाडूने झेलला, वळला, आणि जाळ्यात मारला. ऑफली 1-15, केरी 0-17. विद्यार्थ्यांनी बेरीज करून पाहावी: एका गुणाचे अंतर. ईगन यांच्या हाती चषक आला नाही. पुढेही कधी आला नाही.

अशा प्रसंगानंतर पुष्कळ माणसे घरी बसतात. पुढील वर्षीही केरीला कॉर्कने शेवटच्या क्षणी गोल मारून मन्स्टर प्रांतातच गारद केले. ओड्वायर राहिले. 1984, 1985 व 1986 या तिन्ही वर्षी चषक केरीस परत आला. पाच वर्षे ओळीने जिंकण्याचा पराक्रम शेवटी 2019 साली डब्लिनने केला.

1989 मध्ये केरीचा संघ सोडल्यावर या गृहस्थांनी विश्रांती घेतली असेल, असे वाचकांस वाटेल. त्यांनी उलट ज्यांच्या वाट्यास कधी काही आले नव्हते अशा काउंट्या धरल्या. वॉटरव्हिलहून किल्डेअर म्हणजे देशाच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंतचा रस्ता; तो त्यांनी वर्षानुवर्षे तुडविला. 1998 साली किल्डेअरने बेचाळीस वर्षांनंतर लेन्स्टर प्रांताचे अजिंक्यपद मिळविले. त्या संघात त्यांचे चिरंजीव कार्लही होते. मग ते शेजारच्या लीश काउंटीकडे गेले आणि 2003 मध्ये त्याच किल्डेअरला अंतिम सामन्यात हरवून लीशला सत्तावन्न वर्षांनी प्रांताचा मान मिळवून दिला! पुढे विक्लो. या काउंटीने लेन्स्टरचे पद आजवर कधीच जिंकलेले नाही. 2008 साली, सत्तरी ओलांडलेल्या ओड्वायर यांच्या हाताखाली, तिने क्रोक पार्कवर अजिंक्यपद स्पर्धेतील आपला पहिला विजय मिळविला. आणि समोर होता पुन्हा किल्डेअर. त्या बिचाऱ्या किल्डेअरकरांस काय वाटले असेल, ते न बोललेलेच बरे.

3 एप्रिल 2025 रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत केरीने डोनेगॉलला हरवून एकोणचाळिसावे अजिंक्यपद पटकाविले. वॉटरव्हिलमध्ये चॅप्लिन यांचा पुतळा आहे, तसाच ओड्वायर यांचाही आहे. त्या गावाच्या स्वतःच्या क्लबास केरीचे वरिष्ठ अजिंक्यपद मात्र कधीच मिळाले नाही, आणि त्या बाजूच्या लहान क्लबांपुढील जुना प्रश्न अद्याप सुटलेला नाही: शाळांतील पट लहान झाले आहेत, आणि खेड्यांतील दोन-दोन, तीन-तीन क्लबांस एकत्र येऊन मुलांचा एक संघ उभा करावा लागतो.

ही हकीगत आम्ही त्या पालकांस सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले व मग म्हणाले, "दोन्ही पाय?" आम्ही होय म्हटले. चिरंजीवांस त्यांनी शनिवारी खेळण्याची परवानगी दिली आहे. इतर दिवशी मात्र गणित. आणि चिरंजीव सध्या शाळेच्या मागील पटांगणात जुना व्हॉलीबॉल पायावरून हातात घेत धावण्याचा अभ्यास करीत असतात. काल सातव्या खेपेपर्यंत जमले होते, मग चेंडू विहिरीत गेला.